वीकेंडच्या अल्टिमेट फ्रिस्बी स्पर्धेला निघताय? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आमच्या क्लबकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलंमुली आहेत, शाळांचे पीटी शिक्षक आहेत आणि पालक तर बरेच आहेत. नियमांची उत्तरं जागतिक फेडरेशनच्या नियमपुस्तकाला धरून दिली आहेत. मैदानाची मापं, वेळ, गुणसंख्या यांत आयोजक बदल करतात, त्यामुळे त्या-त्या स्पर्धेचं पत्रक आधी वाचायचं.

१. अल्टिमेट म्हणजे नक्की काय? डिस्क फेकायची आणि पळायचं, एवढंच ना?

गवतावरच्या खेळात एका बाजूला सात जण असतात. मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद. दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे एंडझोन. आपल्या माणसाने समोरच्या एंडझोनमध्ये डिस्क झेलली की एक पॉइंट. हातात डिस्क असताना पळता येत नाही, एक पाय जागेवर रोवून पास द्यावा लागतो. समोरचा मार्कर (डिस्कवाल्यासमोर उभा राहून त्याला अडवणारा) 'स्टॉलिंग, वन, टू' असं मोजत असतो आणि त्याने 'टेन' म्हणायला सुरुवात करण्याआधी डिस्क हातातून सुटली पाहिजे. पास खाली पडला, बाहेर गेला किंवा समोरच्याने पकडला की डिस्क त्यांची. याला टर्नओव्हर म्हणतात. मग आत्तापर्यंत हल्ला करणारे सातही जण त्याच क्षणी बचावाला पळतात.

हा खेळ १९६८ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या मेपलवुड गावच्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी सुरू केला. जागतिक फेडरेशन १९८५ चं आहे आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला २०१५ मध्ये पूर्ण मान्यता दिली. "हा खराखुरा खेळ आहे का?" असं घरी कोणी विचारलं तर एवढं सांगा.

२. क्लबमध्ये आलो की लगेच स्पर्धेला नेतात का?

नाही. बॅकहँड आणि फोरहँड हे दोन थ्रो वाऱ्यात निदान पंधरा-वीस पावलांवर सरळ जायला हवेत आणि नियम तोंडपाठ हवेत. उंच उडी मारणारा, जोरात पळणारा पोऱ्या नियम वाचून आला नसेल तर आम्ही त्याला यादीत घेत नाही. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

३. मी शहाद्याला राहते. इथे टीमच नाही. एकटीने खेळता येईल का?

येईल. हॅट टूर्नामेंट नावाचा प्रकार त्यासाठीच आहे. त्यात प्रत्येक जण स्वतःपुरतं नाव नोंदवतो आणि अनुभव, वेग, उंची बघून आयोजक टीम पाडतात. शनिवारी सकाळी ज्यांची नावंही माहीत नसतात, त्यांच्यासोबत रविवारी संध्याकाळी तुम्ही सेमीफायनल खेळत असता. फॉर्ममध्ये स्वतःचा अनुभव खरा लिहा. वाढवून लिहिलं तर तुमच्या टीमचा समतोल बिघडतो आणि कमी लिहिलं तर बाकीच्या टीमवर अन्याय होतो.

दुसरी वाट म्हणजे 'पिकअप' खेळाडू होणं. बऱ्याच क्लबना ऐनवेळी माणसं कमी पडतात, महिला खेळाडू तर हमखास. आधी कळवून ठेवलंत तर बोलावणं येतं.

४. दोन दिवसांत किती सामने होतात?

बहुतेक ठिकाणी शनिवारी पूलचे (गटातले) तीन-चार आणि रविवारी दोन-तीन. पूलमधल्या क्रमांकावरून रविवारचा ड्रॉ ठरतो. हरलेल्या टीमलाही शेवटपर्यंत सामने असतात, कारण नववा-दहावा क्रमांकही खेळूनच ठरवतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळचं परतीचं तिकीट काढू नका.

पहिला सामना सकाळी सात-आठला असतो, म्हणजे शुक्रवारी रात्री पोचायलाच हवं. सुरतेकडे जायचं तर भुसावळ-जळगावहून अमळनेर, नंदुरबारमार्गे ताप्तीची लाइन सोयीची. मुंबईसाठी भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या तिन्ही ठिकाणांहून गाड्या आहेत. धुळ्याच्या लोकांनी चाळीसगावला येऊन बाकीच्यांसोबत एकाच डब्यात बसावं असं आम्ही सांगतो. टीमची निम्मी ओळख त्या प्रवासात होते.

५. खर्च किती येतो?

टीमची नोंदणी फी, प्रत्येक खेळाडूची फी, प्रवास आणि राहणं. जेवण फीमध्ये धरलंय का ते पत्रकात बघा. विद्यार्थ्यांचा भार नोकरीवाले उचलतात असा आमच्याकडे पायंडा आहे. पैशामुळे कोणाचं नाव मागे राहू नये, म्हणून अडचण असेल तर कॅप्टनला एकट्याला गाठून सांगा. चारचौघांत सांगायची गरज नाही.

६. बॅगेत काय काय घ्यायचं?

एक पांढरी आणि एक गडद जर्सी, दोन्हींवर नंबर. समोरच्या टीमचा रंग तुमच्यासारखाच निघाला तर एकाला बदलावा लागतो. फुटबॉलचे रबरी किंवा प्लॅस्टिकचे स्टड असलेले बूट चालतात, धातूचे टोकदार स्टड चालत नाहीत. आपल्याकडच्या काळ्या मातीत सराव करणाऱ्यांना एक सूचना. दिवाळीनंतर ही जमीन भेगाळते आणि भेगेत स्टड अडकला की घोटा गेला म्हणून समजा. सरावाआधी मैदानावर चालत एक फेरी मारा आणि मोठ्या भेगा मातीने भरून घ्या. पावसाळ्यात हीच माती बुटाला किलोभर चिकटते, तेव्हा खरवडायला एक काडी जवळ ठेवा.

डिस्क १७५ ग्रॅमची हवी. सारंगखेड्याच्या जत्रेत मिळते ती हलकी चकती खेळण्यातली. तिच्यावर हात बसवलात तर खऱ्या डिस्कवर सगळं पुन्हा शिकावं लागतं. डिस्क उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका, वाकडी होते. जानेवारीच्या पहाटे धुळ्याच्या थंडीत तीच डिस्क कडक होऊन बोटांना लागते, तेव्हा थोडा वेळ जॅकेटच्या आत धरा.

बाकी: टोपी, जास्तीचे मोजे, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं, स्वतःची पाण्याची बाटली. नखं कापून या. गळ्यातली साखळी, कडं, अंगठी घरी ठेवा.

७. भो, रेफरीच नाही तर भांडण कोण सोडवतं?

खेळणारेच सोडवतात. जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्येसुद्धा फाउल आहे की नाही हे खेळाडूच ठरवतात. मोठ्या सामन्यांत 'गेम ॲडव्हायझर' असतात, पण तेही मत देतात, निकाल देत नाहीत. या तत्त्वाला 'स्पिरिट ऑफ द गेम' म्हणतात आणि नियमपुस्तकात ते पहिल्याच कलमात आहे. समोरचा जाणूनबुजून नियम मोडणार नाही असं धरूनच सगळे नियम लिहिलेले आहेत.

प्रत्यक्षात हे असं घडतं. तुम्ही थ्रो करताना मार्करचा हात तुमच्या मनगटाला लागला आणि डिस्क भरकटली. तुम्ही मोठ्याने "फाउल" म्हणता. खेळ थांबतो, जो-तो जागच्या जागी उभा राहतो. मार्कर विचारतो, "कुठे लागला?" तुम्ही सांगता, "मनगटाला, डिस्क सुटायच्या आधी." त्याला पटलं तर तो म्हणतो, "नो कॉन्टेस्ट." डिस्क तुमच्याकडेच राहते आणि त्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. नाही पटलं तर, "मला वाटतं डिस्क सुटल्यावर लागला, कॉन्टेस्ट." मग डिस्क तुमच्याकडे परत येते आणि तो पास झालाच नव्हता असं धरून खेळ पुढे जातो. संपलं. कोणी कोणाला खोटं ठरवलेलं नसतं.

यात तीन गोष्टी पाळा. कॉल ज्याच्यावर घडलं त्यानेच द्यायचा, साइडलाइनवरून "फाउल घे, फाउल घे" असं ओरडायचं नाही. बोलताना फक्त दोघांनी बोलायचं. बाकीच्यांनी घोळका करायचा नाही, विचारलं तर नीट दिसलेल्याने काय दिसलं ते सांगायचं. आणि जे दिसलं तेच सांगायचं, मग ते आपल्या टीमच्या विरोधात का जाईना. आपल्या कॅप्टनचा पाय रेषेवर होता हे तुम्हाला दिसलं असेल, तर ते तुम्हीच बोललं पाहिजे. नवीन पोरापोरींना सगळ्यात अवघड हे जातं, कारण क्रिकेट आणि कबड्डीत आपण पंचाने पाहिलं नाही तर गप्प बसायला शिकलेलो असतो. इथे पंच तुम्हीच आहात. गप्प बसलात तर चुकीचा निकाल तुम्ही दिलेला असतो.

८. स्पिरिट स्कोअर काय असतो?

सामना झाला की दोन्ही टीम एकमेकींना गुण देतात. पाच बाबी आहेत: नियमांची जाण आणि वापर, फाउल व अंगाला लागणं, निष्पक्षपणा, वागणूक आणि स्वतःवरचा ताबा, संवाद. प्रत्येकीला ० ते ४ गुण. २ म्हणजे चांगलं, जसं असायला हवं तसं. म्हणजे नेहमीच्या चांगल्या सामन्याची बेरीज २० पैकी १० च्या आसपास येते. पहिल्यांदा खेळणाऱ्या टीमला १० मिळाले की तिला वाईट वाटतं. वाटून घेऊ नका, १० ही दाद आहे.

गुण एकट्या कॅप्टनने झाडाखाली बसून भरायचे नाहीत. टीमने गोल बसून प्रत्येक बाबीवर दोन मिनिटं बोलायचं. सगळीकडे ४ टाकणं सोपं असतं, पण समोरच्यांना त्यातून काहीच कळत नाही. ० किंवा १ दिला तर कारण लिहायचं.

याआधी मैदानात स्पिरिट सर्कल होतं. दोन्ही टीमचे खेळाडू एकाआड एक उभे राहून खांद्यावर हात टाकतात आणि सामन्याबद्दल बोलतात. हरल्यावर या सर्कलमध्ये नजर खाली घालून उभं राहू नका. समोरच्या कोणाचा कोणता कॅच आवडला ते नाव घेऊन सांगा. खान्देशी हेल ऐकून कोणी हसेल अशी भीती काहींना असते. बोला. मराठीत बोला, अहिराणीत बोला, हिंदी करणारं कोणीतरी असतंच.

९. समोरची टीम सरळसरळ खोटे कॉल देत असेल तर?

खोटं आणि न कळणं यांत आधी फरक करा. नव्या टीमचे बहुतेक चुकीचे कॉल नियम माहीत नसल्यामुळे येतात. अशा वेळी आपला स्पिरिट कॅप्टन (टीममध्ये स्पिरिटची बाजू बघणारा) त्यांच्या स्पिरिट कॅप्टनशी बोलतो. दोन पॉइंटच्या मधल्या वेळात, हळू आवाजात आणि ठरावीक घटनेबद्दल: "तुमचा सात नंबर मोजणी एका सेकंदाहून जलद करतोय." तरी चालूच राहिलं तर स्पिरिट टाइमआउट मागता येतो. त्यात दोन्ही टीम एकत्र उभ्या राहून अडचण मांडतात. यापलीकडे गेलं तर आयोजकांकडे.

बदला म्हणून आपणही खोटे कॉल द्यायचे, हे आमच्या क्लबमध्ये चालत नाही. असं केल्याबद्दल आम्ही खेळाडू बसवले आहेत, चालू सामन्यात बसवले आहेत.

१०. मिक्स्डमध्ये मुली किती लागतात? कमी पडल्या तर?

सातपैकी चार आणि तीन. चार पुरुष-तीन महिला की चार महिला-तीन पुरुष, हे पहिल्या पॉइंटला टॉसने ठरतं. पुढचे दोन पॉइंट उलट प्रमाण, त्यापुढचे दोन पुन्हा पहिलं, असं दोन-दोनने बदलत जातं. म्हणून महिला खेळाडू निदान सात-आठ तरी न्याव्यात. पाचच नेल्या तर रविवारी दुपारी त्या पाचजणींचे पाय उचलत नाहीत, आणि दोष मात्र त्यांच्या खेळाला दिला जातो. तो दोष यादी करणाऱ्याचा असतो.

कमी पडल्याच तर प्रमाण मोडून जास्तीचा पुरुष घालता येत नाही. पिकअप खेळाडू घ्यावी लागते (प्रश्न ३) किंवा कमी माणसांत खेळावं लागतं. दुसरा काही तोडगा काढायचा असेल तर आयोजक आणि समोरचा कॅप्टन यांच्याशी सामन्याआधी बोला.

आणखी एक. मिक्स्डमध्ये मुली नुसत्या उभ्या आणि डिस्क चार पोरांतच फिरतेय, असं दिसलं की ती टीम वाऱ्यात हरते. सरावातच मुलींना हँडलर (डिस्क हाताळून पास फिरवणारी खेळाडू) करा.

११. मुलीला दोन रात्री बाहेरगावी पाठवायचं. सोबत कोण असतं, राहायची सोय कशी?

हा प्रश्न आयांकडून सर्वांत जास्त येतो आणि यायलाच हवा. आमची पद्धत अशी: १८ वर्षांखालील कोणी असेल तर पालकांचं लेखी संमतीपत्र, सोबत क्लबमधली एक मोठी ताई, मुलींची खोली वेगळी. गाडीचा नंबर, राहण्याचा पत्ता आणि सोबत असणाऱ्यांचे फोन शुक्रवारी दुपारपर्यंत पालकांच्या ग्रुपवर जातात. मावशी, काका, कोणाला सोबत यायचं असेल तर जरूर या. साइडलाइनला पाणी द्यायला आणि टाळ्या वाजवायला माणसं कमीच पडतात. तुम्ही दुसऱ्या क्लबसोबत पाठवत असाल तर यातलं प्रत्येक त्यांना विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पाठवू नका.

१२. दिवसभर उन्हात खेळायचं तर खायचं काय?

आपल्याला उन्हाची सवय आहे असं समजून खान्देशातली पोरं पाणी कमी पितात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून एप्रिलपासून आम्ही सराव सकाळी सहा ते आठ एवढाच ठेवतो. स्पर्धेत मात्र दुपारी एकचा सामनाही येतो. तहान लागायची वाट पाहू नका. दर पॉइंटनंतर दोन-चार घोट प्या, प्रत्येक सामन्यानंतर ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी.

गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. दोन दिवस टिकतात आणि पोटाला जड होत नाहीत. दोन सामन्यांच्या मध्ये केळी, आणि ती रावेर-यावलकडची घडच घेऊन जा, समोरच्या टीमलाही द्या. शेवभाजी किंवा भरीत-कळण्याची भाकरी रविवारचा शेवटचा सामना झाल्यावर. शनिवारी दुपारी तर्रीदार खाऊन तीनच्या सामन्यात उतरलात तर पळणं होत नाही.

कोणाला चक्कर आली, बोलणं अडखळायला लागलं, अंग तापलं पण घाम थांबला, तर खेळ लगेच थांबवा. सावलीत आडवं करा, मान आणि काखेत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. "पॉइंट संपू दे" म्हणायचं नाही.

१३. वाऱ्यात आमचे थ्रो कुठेही जातात. काय करावं?

डिस्कची पुढची कड जरा खाली ठेवा, जोरापेक्षा फिरकी वाढवा, पास लहान करा. वाऱ्याविरुद्ध डिस्क उचलली जाते, वाऱ्यासोबत खाली बसते. टॉस जिंकलात तर कोणत्या टोकाकडून सुरुवात करायची हे वारा बघून ठरवा. तापीकाठच्या मोकळ्या रानात सराव करा, शहरातल्या भिंतीआड नको.

१४. पिक म्हणजे काय? तो फाउल आहे का?

फाउल नाही, कारण कोणी कोणाला धक्का दिलेला नसतो. तुम्ही तुमच्या माणसाला तीन मीटरच्या आत राहून अडवताय आणि मध्ये तिसराच कोणी आल्यामुळे तुमची वाट अडली, तर तुम्ही 'पिक' म्हणू शकता. खेळ थांबतो आणि वाट अडली नसती तर जिथे असता तिथे तुम्ही जाऊन उभे राहता. तुमचा माणूस तीन मीटरहून लांब निसटला असेल तर पिक नाही, तुम्ही मागे पडलात एवढंच. हा कॉल सर्वांत जास्त चुकतो.

१५. पाय रेषेवर पडला तर आत की बाहेर?

मैदानाच्या बाहेरच्या रेषा बाहेरच्या आहेत. त्यांना स्पर्श झाला की बाहेर. एंडझोनची पुढची रेषा मधल्या मैदानात मोडते, म्हणजे तिच्यावर बोट टेकलं तरी पॉइंट नाही. हवेत झेलल्यावर पहिला स्पर्श कुठे झाला ते बघायचं. पहिला पाय आत पडला आणि वेगामुळे दुसरा बाहेर गेला तर झेल आतच धरतात. मधल्या मैदानात झेलून पळत एंडझोनमध्ये शिरलात तर पॉइंट मिळत नाही, रेषेवर परत येऊन पास द्यावा लागतो. डिस्क हवेतल्या हवेत रेषेबाहेर जाऊन वळून आत आली तर ती आतच.

१६. पळता पळता पकडली आणि चार-पाच पावलं गेली. ट्रॅव्हल झाला का?

दिशा न बदलता, शक्य तितक्या लवकर थांबत असाल तर नाही. वळलात किंवा वेग टिकवलात तर ट्रॅव्हल, म्हणजे डिस्क घेऊन पळाल्याची चूक. त्यात डिस्क जात नाही. योग्य जागी पाय रोवून खेळ पुढे चालतो. ट्रॅव्हलचा कॉल झाल्यावर दिलेला पास मित्राने झेलला तर तो परत येतो, पडला तर मात्र टर्नओव्हर कायम.

१७. एंडझोनमध्ये झेलताना मला पाडलं, डिस्क सुटली आणि त्याने फाउल मान्य केला. मग पॉइंट मिळणार ना?

नाही. डिस्क तुम्हाला मिळते, पण एंडझोनच्या रेषेवर, सर्वांत जवळच्या जागी. तिथून पास देऊन पॉइंट करावा लागतो. त्याने कॉन्टेस्ट केलं असतं तर डिस्क थ्रो करणाऱ्याकडे गेली असती (प्रश्न ७). तुम्ही झेलून ठेवली असती तर मात्र फाउल असूनही पॉइंट तुमचाच.

१८. आम्ही ९-८ ने पुढे होतो, हॉर्न वाजला, तरी खेळ चालूच ठेवला. असं का?

हॉर्न म्हणजे वेळ संपली, सामना संपला असं नाही. चालू पॉइंट पूर्ण करायचा. मग जास्त गुण असलेल्या टीमच्या गुणांत एक मिळवायचा आणि तिथपर्यंत जो आधी पोचेल तो जिंकला. चालू पॉइंट तुम्ही केलात तर १०-८, लक्ष्य ११. त्यांनी केला तर ९-९, लक्ष्य १०, म्हणजे पुढचा एकच पॉइंट सगळं ठरवणार. त्याला युनिव्हर्स पॉइंट म्हणतात.

एक बारकावा असा, की आधीचा पॉइंट झाला त्याच क्षणी पुढचा सुरू झाला असं धरतात, पुलची (पॉइंट सुरू करणाऱ्या पहिल्या थ्रोची) वाट बघत नाहीत. पॉइंट झाला, दोन्ही टीम रेषेवर उभ्या राहतायत आणि तेवढ्यात हॉर्न वाजला, तर तो नवा पॉइंट खेळायचाच असतो. काही स्पर्धांत याऐवजी हॉर्नला सामना तिथेच थांबवतात. शनिवारी सकाळच्या कॅप्टन मीटिंगमध्ये हे विचारून घ्या आणि टीममधल्या प्रत्येकाला सांगा.